सॉफ्टवेअरची परीक्षा : दर्या आणि दऱ्या

आम्ही मूळचे समुद्रकाठचे. आमच्या कोकणी मातृभाषेत समुद्रास ‘दर्या’ म्हणतात. नोकरीनिमित्त मोहगावास आलो, तेव्हा सातपुड्याच्या ‘दऱ्या’ जवळून पाहिल्या. या दोन शब्दांत फरक केवळ अर्ध्या ‘र’चा, पण तो चुकला, की डोंगरातील वाटसरू थेट समुद्रात जाऊन पडतो!

हा ‘र’ संगणकालाही चकवितो. संगणक अक्षराचे रूप पाहत नाही. तो प्रत्येक अक्षराचा क्रमांक ओळखतो. हे क्रमांक ‘युनिकोड’ या पद्धतीने ठरविले आहेत. ‘दऱ्या’मधील अर्धा ‘र’ तीत दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ‘ऱ’ योजतात. दुसरीत साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र निराळे.

समजा, कुऱ्हाडे आडनावाच्या मुलीचे नाव शाळेच्या दप्तरात एका रीतीने आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात दुसऱ्या रीतीने नोंदले गेले. ही बाब ध्यानात न घेता रचलेले सॉफ्टवेअर दोन्ही नावे ताडून पाहील आणि सांगेल, ‘अशी विद्यार्थिनी नाही.’ मुलगी समोर उभी असते, आणि तिची शिष्यवृत्ती अडते!

असा दोष केव्हा शोधावा? सॉफ्टवेअर तयार झाल्यावर वार्षिक परीक्षेप्रमाणे एकदा तपासावे, असा पुष्कळांचा समज असतो. पण आपल्याकडील संत्र्याचा बागाइतदार कलम घेतानाच ते पारखून घेतो. कारण कलमाचा दोष फळे धरण्याच्या वेळी उमगला, तर मधली वर्षे वाया जातात. येथेही तसेच आहे. गरजा लिहून घेताना विचारावे : नावे कोणत्या भाषांतील असतील? आराखडा करताना ठरवावे : दोन्ही रीती एकरूप कशा करावयाच्या? रचना होत असता प्रत्येक लहान भाग स्वतंत्र तपासावा. मग भाग जोडून, पुढे संपूर्ण सॉफ्टवेअर, आणि शेवटी जो कारकून ते वापरणार त्याच्या हातून. नंतर काही बदलले, तर जुन्या चाचण्या पुन्हा घ्याव्या. दोष हुडकणे ही चाचणी. दोष उपजूच नयेत अशी कामाची शिस्त लावणे ही गुणवत्तेची हमी.

या शिस्तीत कसूर झाल्यास काय होते? ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘एरियन ५’ अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. जुन्या ‘एरियन ४’मधील सॉफ्टवेअरचा भाग नव्याच्या वेगळ्या मार्गासाठी पुरेसा न तपासता घेतला होता. एक संख्या ठरविलेल्या जागेत मावली नाही, आणि दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद पडली.

विद्यार्थी मित्रहो, चाचणीने दोष आहे हे दाखविता येते; एकही दोष उरला नाही, असे सहसा सिद्ध करता येत नाही. म्हणून काय तपासावे हे जाणणारा मनुष्य मोलाचा ठरतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद ज्याला ठाऊकच नाही, तो तो तपासणार कसा? उद्या तुमच्यापैकी कोणी या व्यवसायात गेला, तर पहिल्याच दिवशी संगणकाला ‘कुऱ्हाडे’ हे नाव दोन्ही रीतींनी लिहून घालावे. एखाद्या अनोळखी मुलीची शिष्यवृत्ती त्याने वाचेल.