राउटरचं घड्याळ आधी लावा

श्रावण लागला की पेणच्या गणपती कारखान्यांत दिवे उशिरापर्यंत जळतात. हमरापूर आणि जोहे इथले कारखानदार मूर्तीचे फोटो, रंगाची पसंती, पैशांची पोच हे सगळं आता फोनवरच उरकतात, आणि गिऱ्हाईक दादरचं असो नाहीतर दुबईचं, त्याला उत्तर लगेच हवं असतं. रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीभोवतीची छोटी ऑफिसं, दुकानं, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी केंद्रं यांचीही तीच गत. नेट रेंगाळायला लागलं की कुणीतरी उठतं, राउटरचं बटण बंद करतं, थोडं थांबून पुन्हा चालू करतं, आणि बहुतेक वेळा काम होतं. हे उठणं टाळता येतं. ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी राउटरने आपणहून बंद होऊन पुन्हा चालू व्हावं, अशी सोय बऱ्याच राउटरांत असते.

बंद-चालू केल्याने नेमकं काय सुधारतं, ते आधी पाहू. राउटर हा एक छोटा संगणकच आहे, फक्त त्याची मेमरी तुटपुंजी असते. घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, कॅमेरा बाहेर जी जोडणी करतो, तिची एकेक नोंद राउटर आपल्या तक्त्यात ठेवतो, म्हणजे बाहेरून आलेलं उत्तर कुणाला द्यायचं ते त्याला कळतं. काम संपल्यावर ही नोंद पुसली जायला हवी. पण फोन अचानक रेंजबाहेर गेला, किंवा कॅमेऱ्याने जोडणी अर्ध्यावर सोडली, तर ती नोंद तशीच पडून राहते. बरेच राउटर लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सच्या मूळ मांडणीत अशी अनाथ नोंद ५ दिवस टिकते. काही कंपन्या ही मुदत कमी करतात, काही करत नाहीत. त्यात आतल्या प्रोग्रॅमची एखादी चूक असली तर वापरलेली मेमरी परत मोकळी होत नाही. राउटर बंद-चालू केला की हे सगळं एकदम रिकामं होतं. शिवाय वायफायचं चॅनल ‘ऑटो’वर असेल तर चालू होताना राउटर आजूबाजूचा गोंगाट बघून नवं चॅनल निवडतो.

सुरक्षेसाठीही याचा उपयोग आहे. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचा व्हायरस ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत शिरल्याचं उघड झालं, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद-चालू करायला सांगितलं होतं, कारण त्या व्हायरसचा काही भाग फक्त मेमरीत राहत होता. अमेरिकेच्याच एनएसएने २०२३ च्या आपल्या सूचनांत राउटर आठवड्यातून एकदा तरी रीबूट करावा असं म्हटलं आहे. माझं मतही आठवड्यातून एकदा, हेच. राउटर रोज बंद-चालू करावा लागत असेल तर दुखणं दुसरीकडे आहे आणि ते शोधायला हवं.

आता प्रत्यक्ष काम. राउटरच्या वायफायला जोडलेल्या फोनवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडा आणि राउटरचा पत्ता टाका. तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा, आणि तो इंग्रजी आकड्यांत टाकायचा. पासवर्डही बऱ्याचदा तिथेच लिहिलेला असतो. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये, ‘सिस्टिम’खाली ‘रीबूट’ असतं आणि त्यात ‘रीबूट शेड्यूल’. असूसमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेशन’च्या ‘सिस्टिम’ पानावर ‘रीबूट शेड्यूलर’ सापडतो. सोय चालू करायची, वार आणि वेळ निवडायची, ‘सेव्ह’ करायचं. दोन मिनिटांचं काम.

खरी मेहनत घड्याळापाशी आहे, आणि पेण-रोह्यासारख्या ठिकाणी ती टाळून चालत नाही. घरगुती राउटरात सहसा घड्याळाची बॅटरी नसते. लाइट गेली की तो वेळ विसरतो. लाइट आली की नेटवरच्या वेळेच्या सर्व्हरला विचारून पुन्हा लावून घेतो. या पद्धतीला एनटीपी म्हणतात. उत्तर मिळेपर्यंत त्याचं घड्याळ कुठल्यातरी ठरीव तारखेपासून चालतं, पुष्कळदा १ जानेवारी १९७० पासून. म्हणून वेळापत्रक लावण्याआधी ‘टाइम सेटिंग्ज’चं पान उघडा आणि तिथली वेळ हातातल्या मोबाइलशी ताडून पाहा.

तिथे दोन चुका सापडतात. पहिली टाइम झोनची. भारताची वेळ ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. राउटर ग्रिनिचवरच राहिला असेल आणि तुम्ही पहाटे ४ ची वेळ दिली असेल, तर तो आपल्याकडच्या सकाळी साडेनऊला बंद होईल, म्हणजे नेमकं दुकान उघडताना. तोच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर असेल तर हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचला. तेव्हा यादीतून ‘कोलकाता’ किंवा ‘जीएमटी +५:३०’ निवडा.

दुसरी चूक सर्व्हरच्या पत्त्याची. जुन्या राउटरात कंपनीने भरलेला पत्ता कधीकधी बंद पडलेला असतो. मग नेट चालू असूनही वेळ मिळत नाही. समजा दुपारी १ वाजता लाइट आली आणि घड्याळ १९७० पासून सुरू झालं. आपल्या झोनप्रमाणे तेव्हा त्यात पहाटेचे ५:३० वाजलेले असतात, आणि त्याची पुढची पहाटे ४ ची वेळ साडेबावीस तासांनी येते, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला. पावसाळ्यात लाइट जितक्यांदा जाईल तितक्यांदा ही वेळ सरकणार. तिथे ‘इन.पूल.एनटीपी.ऑर्ग’ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत भरा. तो भारतातल्या सर्व्हरांसाठी आहे.

हौशी लोक राउटरवर ‘ओपनडब्ल्यूआरटी’ बसवतात, तिथे हीच अडचण आणखी ठळक दिसते. ही प्रणाली चालू होताना आपल्या फायलींतली सर्वांत अलीकडची वेळ शोधते आणि तिथून घड्याळ सुरू करते. त्यामुळे साडेचारला रीबूट लावला आणि उठल्यावर घड्याळ पुन्हा साडेचारच्या अलीकडेच आलं, तर राउटर पुन्हा बंद होईल, आणि हे चक्र चालूच राहील. त्यावर तिथे शिकवला जाणारा तोडगा मला फार आवडतो: वेळ झाल्यावर ७० सेकंद थांबायचं, एका फायलीवर ताज्या वेळेचा शिक्का मारायचा आणि मगच रीबूट करायचं. तोवर ते मिनिट उलटून गेलेलं असतं.

नेटवाल्या कंपनीने दिलेल्या काही राउटरांत ही सोय नसते किंवा ती कुलूपबंद असते. तेव्हा प्लगमध्ये बसणारा २४ तासांचा टायमर चालतो. त्याच्या चकतीवर बहुधा १५-१५ मिनिटांच्या खुंट्या असतात. एक खुंटी बंद ठेवली की रोज तेवढा वेळ वीज तुटते. पण तो विजेवरच फिरतो, म्हणून लाइट २ तास गेली तर तो २ तास मागे पडतो. बॅटरीवाला डिजिटल टायमर त्यापेक्षा बरा. वायफायवर चालणारा स्मार्ट प्लग घेणार असाल, तर नेट नसतानाही तो आपलं वेळापत्रक पाळतो ना, हे आधी तपासा. नाहीतर तो राउटर बंद करेल आणि चालू करण्याचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. सॉफ्टवेअर अपडेटच्या वेळी टायमर मध्ये येऊ देऊ नका. अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो.

वेळ पहाटे ४ चीच हवी असं काही नाही. रात्रपाळीला ज्या ऑफिसात काम चालतं तिथे पाळी बदलण्याआधीची निवांत वेळ बघा. राउटर पुन्हा उभा राहीपर्यंत काही मिनिटं कॅमेरे मोबाइलवर दिसणार नाहीत, हेही लक्षात ठेवा. मूर्तींच्या हंगामात रात्रीचं काम चालू असेल तर कारखान्यातलं वेळापत्रक विसर्जनापर्यंत सरळ बंद ठेवा.

काही बिघाडांना याचा काहीच उपयोग नाही. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही. फांदी पडून तार तुटली असेल, किंवा महामार्गाच्या खोदकामात कापली गेली असेल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस ना वीज होती ना मोबाइलची रेंज. अशा वेळी राउटर पुन्हापुन्हा बंद-चालू करण्यात हशील नाही. नेटवाल्याला फोन करा आणि दिवा लाल आहे, एवढं नक्की सांगा.

सगळं लावून झालं की चाचणी घ्या. वेळ दहा मिनिटं पुढची द्या आणि राउटर बंद होऊन परत येतो का ते पाहा. मग मुख्य बटण बंद करून चालू करा, पाच मिनिटांनी टाइमचं पान उघडा. तिथे आजची तारीख आणि भारताची वेळ दिसली, तर वेळ बदलून पहाटेची करा. राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ म्हणून एक आकडा असतो, तो किती वेळ सलग चालू आहे हे सांगणारा. आठवडी रीबूट लावलेला असताना तो कधीच ७ दिवसांच्या वर जायला नको. गेला, तर वेळापत्रक चाललेलं नाही. पुन्हा घड्याळाच्या पानावर जा.