विहिरीतला बिबट्या आणि दोराला बांधलेली बाज

सप्टेंबर २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील कणकोरीच्या एका विहिरीतली छायाचित्रे देशभर पाहिली गेली. मांजराचा पाठलाग करताना बिबट्या विहिरीत पडला आणि आत दोघे समोरासमोर आले. वनविभागाने बिबट्याला सुखरूप बाहेर काढून पुन्हा त्याच्या अधिवासात सोडले. छायाचित्रे गाजली ती मांजरामुळे. पण बचाव पथकासमोर अशा वेळी वेगळाच प्रश्न असतो: भेदरलेल्या, चवताळलेल्या जनावराला त्याला किंवा माणसाला ओरखडाही न उमटता वर आणायचे कसे?

निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात बिबट्यांच्या पिढ्या वाढल्या आहेत. रात्री शिकारीमागे धावताना कठडा नसलेली विहीर त्यांच्या लक्षात येत नाही. बिबट्या पोहतो उत्तम, पण विहिरीच्या उभ्या भिंतीवर पंजा टिकत नाही आणि तो दमत जातो. त्यामुळे पथक बहुतेकदा सर्वांत आधी खाली सोडते ती चारही कोपऱ्यांना दोर बांधलेली साधी बाज. बिबट्या तिच्यावर चढतो, दम खातो. मग दार उघडे ठेवलेला पिंजरा पाण्याच्या पातळीपर्यंत उतरवला जातो. वरच्या गोंगाटापासून लपायला आडोसा दिसला की बिबट्या बहुधा आपणहून आत शिरतो. वरून दोर सुटतो, दार खाली येते. कधी नुसती शिडी सोडून सगळ्यांनी लांब जायचे, एवढेही पुरते. अंधार पडला की तो स्वतःच चढून निघून जातो.

‘गुंगीचे इंजेक्शन का मारत नाहीत?’ असे बघ्यांपैकी कोणीतरी विचारतेच. सिनेमात बाण लागताच जनावर कोसळते. प्रत्यक्षात झायलाझिन आणि केटामिन या नेहमीच्या जोडीचा पूर्ण अंमल चढायला पाच ते पंधरा मिनिटे लागतात, घाबरलेल्या जनावरात त्याहूनही जास्त. तेवढ्यात पाण्यातला बिबट्या अर्धवट शुद्धीत बुडू शकतो, तर मोकळ्यावरचा बिबट्या गर्दीत घुसू शकतो.

पिंजऱ्यातल्या किंवा अगदी जवळच्या जनावरासाठी पशुवैद्य फुंकनळी वापरतात. तिच्यातला बाण नीट पाहण्यासारखा असतो. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबलेली हवा. सुईचे टोक बंद असते. औषध बाहेर पडते ते बाजूच्या छिद्रातून, आणि त्यावर सिलिकॉनची चिमुकली नळी चढवलेली असते. सुई कातडीत शिरली की ती नळी मागे सरकते, छिद्र उघडते आणि हवेच्या दाबाने औषध स्नायूत जाते. आवाज नाही, फारसा मारही नाही. लांबून मारायची गॅसवरची बंदूक जास्त जोराने बाण फेकते, त्यामुळे नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवरच धरावा लागतो. नेम चुकून बाण पोटात किंवा डोळ्यात गेला, तर वाचवायला आलेल्यांच्या हातूनच इजा होते.

जनावर झोपले म्हणजे काम संपले, असे नाही. केटामिनच्या अमलात डोळे उघडेच राहतात आणि पापणी लवत नाही. म्हणून डोळ्यांत औषध घालून वर कापड बांधतात. झायलाझिनमुळे शरीराचे तापमान आवरणारी यंत्रणा बिघडते. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत थर्मामीटर आणि पाण्याने भरलेले कॅन बंदुकीइतकेच महत्त्वाचे ठरतात. झायलाझिनवर योहिम्बिनचा उतारा आहे. केटामिनला उतारा नाही, त्याचा अंमल ओसरेपर्यंत शेजारी बसून राहावे लागते.

यातले बरेच टाळता येते ते ‘स्क्वीझ केज’मुळे. या पिंजऱ्याची एक भिंत आत सरकते. बिबट्या दोन भिंतींमध्ये काही क्षण अडकतो, तेवढ्यात साध्या सिरिंजने इंजेक्शन देता येते. सापळ्याचा पिंजराही विचारपूर्वक बांधावा लागतो. गजांमध्ये जास्त फट असली तर बिबट्या ते चावत सुटतो. त्यात सुळे तुटतात, नखे उचकटतात, आणि सुळे गेलेला बिबट्या जंगलात शिकार करू शकत नाही. फट कमी ठेवली आणि पिंजऱ्यावर ताडपत्री टाकली की तो बराच शांत होतो. विद्या अत्रेय आणि पशुवैद्य अनिरुद्ध बेलसरे यांनी माणूस-बिबट्या संघर्ष हाताळण्यासाठी २००७ मध्ये मार्गदर्शिका लिहिली, तिच्यामागे महाराष्ट्रातला असाच प्रत्यक्ष अनुभव होता.

याच्या उलट चित्र नाशिककरांनी जानेवारी २०१९ मध्ये पाहिले. गंगापूर रोडवरच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला आणि गच्च्या, गल्ल्या, कुंपणे माणसांनी भरून गेली. त्याला जेरबंद करेपर्यंत काही जण जखमी झाले, त्यांत वार्तांकनाला आलेले पत्रकारही होते. बाण, जाळी, पिंजरा यांचा उपयोग होण्यासाठी आधी मोकळी जागा लागते.

भीतीने जीवही जातो. येवला तालुक्यातल्या ममदापूरचे काळवीट विहिरीत पडले आणि वाचवताना त्याला फार पळवले, आवळले, तर स्नायू फाटू लागतात. त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करते. सोडताना धडधाकट दिसलेले हरीण काही दिवसांनी मरते. तिथे मोठी जाळी, डोळ्यांवर पट्टी आणि हलक्या आवाजात बोलणारी चार माणसे लागतात.

त्याच येवल्यात संक्रांतीला आकाश पतंगांनी भरते आणि नायलॉन मांजात पक्षी अडकतात. जखमी घार हातात घेताना छाती दाबली तर ती गुदमरते. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत-बाहेर होते. टॉवेल टाकून पंख मिटवायचे, छातीवर दाब येऊ द्यायचा नाही आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचे. खोक्यातल्या अंधारात ती स्थिरावते.

शहरातल्या निवारा केंद्रांत हाच विचार रोज कामी येतो. तारेच्या फासाने भटक्या कुत्र्याचा गळा कापतो. जाळीत धरलेला कुत्रा लवकर शांत होतो. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदीनंतर कुत्र्याला तो पकडला त्याच भागात सोडायचे असते. पकडताना त्याच्या मनात बसलेली माणसांची धास्ती त्याच्याबरोबर त्याच गल्लीत परतते. पकडणाऱ्याचे स्वतःचे पहिले साधन म्हणजे आधीच घेतलेली रेबीजची लस.

पिंजरा, फुंकनळी, औषधे आणि पशुवैद्य वनविभागाने आणायचे. बाज, दोर, शिडी आणि ताडपत्री गावातच मिळते. विहिरीत बिबट्या दिसला की १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करायचा, पथक येईपर्यंत पोलीस पाटलाने दोर बांधून माणसे विहिरीपासून लांब ठेवायची, आणि बिबट्या गेल्यावर त्या विहिरीला पावसाळ्याआधी कठडा बांधायचा.