आधी भिंत ओळखा, मग ड्रिल निवडा

नव्या घरात राहायला गेलं की पडदे, आरसा, गीझर, टीव्ही अशा प्रत्येक गोष्टीसाठी भिंतीला छिद्र पाडावं लागतं. दरवेळी मिस्त्रीची वाट पाहण्यापेक्षा घरात एक ड्रिल मशीन असावं, असं तुम्हालाही वाटत असेल. पण ‘किती वॉटचं घेऊ?’ हे विचारण्याआधी एक पाहा, तुमची भिंत कशाची आहे?

बदलीच्या नोकरीमुळे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न दर काही वर्षांनी पडतो. कोलकात्याचं खिदिरपूरच घ्या. गोदीच्या या भागात चुना-सुरखीत बांधलेल्या विटांच्या जुन्या इमारती आहेत आणि काँक्रीटचे नवे फ्लॅटही. दोन्हीकडे एकच मशीन, एकाच पद्धतीनं चालवून जमत नाही.

भिंत कशी ओळखाल?

कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी 4 मिमीचं छोटं छिद्र पाडा आणि पडणारी पूड बघा. प्लास्टर संपल्यावर लाल पूड आली तर वीट. राखाडी पूड येत असेल आणि बिट पुढेच सरकत नसेल तर काँक्रीट. पांढरट, मऊ पूड भराभर पडली तर हलके एएसी ब्लॉक असण्याची शक्यता जास्त.

कोणतं मशीन कशासाठी?

• विटांची भिंत : 550 ते 650 वॉटचं, 13 मिमी चकचं इम्पॅक्ट ड्रिल घरकामाला पुरतं. बिट कार्बाइड टोकाचं, म्हणजे भिंतीसाठीचंच घ्या.

• काँक्रीटचे कॉलम, बीम, स्लॅब : इथे रोटरी हॅमर हवा. त्याचा ठोका जोरदार असतो, त्यामुळे तुम्हाला अंगाचा जोर लावावा लागत नाही. त्याला एसडीएस प्लस बिट लागतात. वर्षातून दोन-चारच छिद्रं पाडायची असतील तर मशीन भाड्यानं आणा किंवा मिस्त्रीला बोलवा.

• चुना-सुरखीची जुनी भिंत आणि एएसी ब्लॉक : हॅमर बंद ठेवा, वेग कमी ठेवा. ठोक्यांनी जुनं प्लास्टर पोपड्यासारखं सुटतं. जुन्या भिंतीत छिद्र सांध्यात नको, विटेत घ्या. एएसीसाठी वेगळे प्लग मिळतात, तेच वापरा.

खरेदी करताना

खिदिरपूरचं फॅन्सी मार्केट परदेशी मालासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारात मशीन स्वस्त मिळालं तरी त्यावरची पट्टी वाचा. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ वीज असते. 110 किंवा 120 व्होल्टचं मशीन थेट लावलं तर जळेल. चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण बघा. वेग कमी-जास्त करता येतो का, बाजूचं हँडल आहे का, हे तपासा. बिल आणि वॉरंटी कार्ड मागून घ्या आणि सर्व्हिस सेंटर शहरात आहे का, तेही विचारा.

हे विसरू नका

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत छिद्र पाडू नका, तिथून वायर गेलेली असू शकते. त्या खोलीचा एमसीबी बंद करा आणि ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन घ्या. बाथरूम आणि किचनमध्ये पाण्याच्या पाइपचाही अंदाज घ्या. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क लावा. केस बांधा, ओढणी किंवा पदर खोचून घ्या. मुलांना खोलीबाहेर ठेवा.

बिट आणि प्लग एकाच मापाचे घ्या. 8 मिमीच्या प्लगला 8 मिमीचंच बिट. छिद्र प्लगपेक्षा सुमारे 1 सेंमी खोल असू द्या आणि आतली पूड काढून मगच प्लग बसवा. प्लग नुसत्या प्लास्टरमध्ये अडकून चालत नाही, तो विटेत किंवा काँक्रीटमध्ये जायला हवा.

लक्षात घ्या, 25 लिटरच्या गीझरमध्ये नुसतं पाणीच 25 किलो असतं. ते वजन दररोज तुमच्या डोक्यावर लटकत असतं. भिंत ठिसूळ वाटली किंवा छिद्र मोठं झालं, तर तिथे जड वस्तू टांगू नका. अशा वेळी जाणकार मिस्त्रीला दाखवणंच शहाणपणाचं.