पाखरांची जाळी : माल विकण्याआधी कायदा समजून घ्या

शिरपूर जैनच्या बाजारात ज्वारीचे कणीस भरू लागले किंवा डाळिंबाला रंग चढला की जाळीचे गिऱ्हाईक वाढते. त्यात दोन तऱ्हा असतात. एकाला पीक झाकायचे असते, दुसऱ्याला पाखरू धरायचे असते. दोघेही मागतात ‘पाखरांची जाळी’च. पण कायद्याच्या नजरेत या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आपल्या व्यापारी बंधूंपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असतो.

शिकार म्हणजे बंदूक चालविणे एवढेच नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याप्रमाणे जाळ्यात पकडणे, फासे लावणे, आमिष दाखविणे, विष घालणे ही सर्व शिकारच आहे. जंगली पाखरांची अंडी फोडणे, घरटे विस्कटणे हेही तीत येते. ‘शेत माझे, नुकसान माझे, मग पाखरू धरले तर कोणाची हरकत?’ असे सर्रास ऐकू येते. नुकसान खरे आहे, परंतु पोपट, तित्तर, लावा, मोर यांना कायद्याचे संरक्षण आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. मोराला तर तीही सवलत नाही. तोंडी इजाजत कामाची नाही.

कावळा पूर्वी उंदरांच्या पंगतीला ‘उपद्रवी’ यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरावीक भागापुरता व ठरावीक मुदतीपुरताच एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करते.

शिक्षेचे म्हणाल तर, पोपट-तित्तरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोर पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यासाठी कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. जाळे आणि वाहनही जप्त होते. दुकानदाराने विशेष लक्षात ठेवावे ते कलम ५२ : गुन्ह्यास मदत करणाऱ्यालाही गुन्हेगाराइतकीच शिक्षा. जाळी विकणे गुन्हा नाही, पण ‘यात तित्तर झकास अडकते’ असे सांगून विकणे म्हणजे स्वतःहून पंचनाम्यात नाव घालून घेणे होय.

आता पाखरांचा हिशोब पाहू. हिवाळ्यात ज्वारीवर तुटून पडणारी भोरडी आपण सर्वांनी पाहिली आहे. हीच भोरडी टोळांची मोठी वैरीण आहे. चीनने १९५८ साली चिमण्या मारण्याची देशभर मोहीम काढली, किडी व टोळ बेसुमार वाढले, आणि १९६० साली चिमणीचे नाव यादीतून काढून तेथे ढेकणाचे घालावे लागले. पुढे त्याच चीनने शिनजियांगमध्ये टोळांच्या बंदोबस्तासाठी भोरडीला घरटी बांधून दिली! आपल्याकडेही हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावण्याचा सल्ला कृषी खाते देते. त्याच शेताच्या बांधावर जाळे लावले तर थांब्यावरचा कोतवाल आधी अडकतो. मुंबईचे डॉ. सालिम अली (१८९६-१९८७) यांनी उभी हयात पाखरांच्या अभ्यासात घालविली. त्यांच्या लिखाणात शेतीला होणाऱ्या पाखरांच्या उपयोगाचा हिशोब जागोजागी येतो.

जाळ्यातला हाल पाहिलेला माणूस पुन्हा जाळे लावणार नाही. बारीक नायलॉनचा धागा पंखात रुततो, पाखरू उलटे लटकते आणि उन्हात तहानेने तडफडून मरते. रात्री जाळे तसेच राहिले तर घुबड अडकते, म्हणजे उंदीर मारणारा फुकटचा राखणदार गेला. ज्यांच्या गोदामात कापडाचे तागे उंदरांनी कुरतडले आहेत त्यांना याची किंमत सांगायला नको. उंदरांसाठीचा चिकट पुठ्ठा उघड्यावर ठेवला की त्यातही चिमण्या चिकटतात. विषाचे दाणे तर नकोच. थिमेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.

आपल्याच जिल्ह्यातील कारंजा लाड येथील ‘संवेदना’ संस्थेने फासेपारधी समाजाला सोबत घेऊन माळरान आणि तणमोर राखण्याचे काम केले आहे. ज्यांचे नावच फाशावरून पडले त्यांनी राखण पत्करली, ही साधी गोष्ट नाही.

मग इलाज काय? येथे आपला धंदाही आहे. फळबागेसाठी जाड धाग्याची, दिसणारी जाळी द्या व ती ताणून बांधायला सांगा; सैल जाळीत पाखरू गुरफटते. डाळिंबाला कापडी पिशव्या चढवितात. त्या शिवण्याचे काम आपल्या शिलाई कारागिरांना मिळू शकते. चमकी पट्टी आणि जुन्या साड्यांनाही मागणी असते. पट्टीची जागा मात्र चार-पाच दिवसांनी बदलावी, पाखरे लवकर सरावतात. गोदामात पत्र्याखालची फट तारेच्या जाळीने बंद करावी, पण आत अंडी-पिल्ले नाहीत हे आधी पाहावे, नाहीतर दुर्गंधीने माल खराब होईल.

जाळीत पाखरू अडकलेले दिसलेच तर ओढू नका. कापडाने झाकून, धागा कात्रीने कापून मोकळे करा, भोके पाडलेल्या खोक्यात सावलीला ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.