सहयोगी विमान कंपन्यांवरील अवॉर्ड तिकीट

एखाद्या विमान कंपनीच्या नियमित प्रवासी योजनेत (फ्रीक्वेंट फ्लायर योजनेत) साठवलेल्या माइल्सच्या मोबदल्यात दुसऱ्या कंपनीच्या विमानात मिळवलेल्या तिकिटास सहयोगी विमान कंपनीवरील अवॉर्ड तिकीट असे म्हणतात. अशा व्यवहारात दोन कंपन्यांचा संबंध येतो. पहिली कंपनी सदस्याच्या खात्यातून माइल्स वजा करून तिकीट देते. दुसरी कंपनी प्रवाशाला प्रत्यक्ष घेऊन जाते. या दोन कंपन्या एकाच विमान संघाच्या सदस्य असतात किंवा त्यांच्यात स्वतंत्र द्विपक्षीय करार झालेला असतो.

या तिकिटास व्यवहारात 'फुकटचे तिकीट' म्हटले जात असले तरी ते वर्णन अचूक नाही. विमानतळ शुल्क, कर आणि काही कंपन्यांचा इंधन अधिभार प्रवाशालाच रोखीने भरावा लागतो. शिवाय माइल हे चलन नाही. ते कंपनीने दिलेले एक सशर्त आश्वासन आहे आणि त्याच्या अटी बदलण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे राखून ठेवते.

संज्ञा

'माइल' हा शब्द अंतरावरून आला. आरंभीच्या योजनांत जितके मैल प्रवास घडे, साधारणपणे तितके माइल्स खात्यावर जमा होत. पुढे अनेक कंपन्यांनी अंतराऐवजी तिकिटासाठी मोजलेली रक्कम हा आधार धरला. त्यामुळे आज 'माइल' किंवा 'पॉइंट' हे केवळ मोजणीचे एकक उरले असून त्याचा मैलांतील अंतराशी संबंध असेलच असे नाही. एका योजनेतील दहा हजार माइल्स आणि दुसऱ्या योजनेतील दहा हजार माइल्स यांचे मोलही सारखे नसते.

इतिहास

अमेरिकेत १९७८ साली कायद्याने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्यास प्रारंभ झाला आणि कंपन्यांमधील स्पर्धा तीव्र झाली. प्रवाशाने पुन्हा आपल्याकडेच यावे, या हेतूने अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'एअॅडव्हान्टेज' ही योजना सुरू केली. युनायटेड एअरलाइन्सने त्याच महिन्यात 'माइलेज प्लस' ही योजना आणली.

एकट्या कंपनीची विमाने जगभर जाऊ शकत नाहीत. त्यामुळे परस्परांच्या प्रवाशांना माइल्स देण्याचे व स्वीकारण्याचे करार होऊ लागले. १४ मे १९९७ रोजी युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, थाई आणि स्कँडिनेव्हियन या पाच कंपन्यांनी 'स्टार अलायन्स' स्थापन केला. १९९९ मध्ये 'वनवर्ल्ड' आणि २००० मध्ये 'स्कायटीम' हे संघ कार्यरत झाले. सहयोगी अवॉर्ड तिकिटांचा मोठा भाग आज याच तीन संघांच्या चौकटीत घडतो.

एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे झाले. मात्र भारतीय कंपनीच्या माइल्सवर विमान संघाच्या जाळ्यातून प्रवास करण्याची सोय त्यानंतर ६६ वर्षांनी आली. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्सची सदस्य झाली. भारतातील दुसऱ्या कोणत्याही कंपनीला तोवर जागतिक संघाचे सदस्यत्व मिळालेले नव्हते. किंगफिशरचा वनवर्ल्डमधील नियोजित प्रवेश फेब्रुवारी २०१२ मध्ये आर्थिक अडचणींमुळे स्थगित झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीची उड्डाणे थांबली.

कार्यपद्धती

विमानातील जागा वेगवेगळ्या भाडेवर्गांत विभागलेल्या असतात आणि प्रत्येक वर्गाला एक अक्षर दिलेले असते. अवॉर्ड तिकिटांसाठीही असे स्वतंत्र वर्ग असतात. स्टार अलायन्समध्ये सहयोगी कंपन्यांच्या अवॉर्ड तिकिटांकरिता इकॉनॉमीसाठी सामान्यतः 'एक्स' आणि बिझनेससाठी 'आय' हे वर्ग वापरले जातात. उड्डाण चालवणारी कंपनी या वर्गांत जितक्या जागा खुल्या करते, तितक्याच सहयोगी कंपनीच्या सदस्यांना मिळू शकतात. म्हणूनच विमानात पन्नास जागा रिकाम्या असूनही अवॉर्ड तिकीट मिळत नाही, असे वारंवार घडते. पैसे देऊन जागा विकली जाईल असा कंपनीचा अंदाज असेल तर ती जागा या वर्गात येत नाही.

तिकीट निघाल्यावर माइल्स वजा करणारी कंपनी उड्डाण चालवणाऱ्या कंपनीला करारात ठरलेली रक्कम देते. प्रवाशाला हा हिशेब दिसत नाही. परंतु अवॉर्ड तिकिटांच्या बहुतेक गुंतागुंतींचे मूळ त्यात आहे. ही रक्कम पुष्कळदा बाजारभावापेक्षा कमी असल्याने उड्डाण चालवणारी कंपनी गर्दीच्या दिवसांत परक्या सदस्यांसाठी जागा सोडण्यास उत्सुक नसते. काही कंपन्या स्वतःच्या सदस्यांना अधिक जागा देतात आणि सहयोगी सदस्यांना कमी.

किती माइल्स लागतील हे तीन पद्धतींनी ठरते:

१. विभागवार तक्ता: जगाचे विभाग पाडून एका विभागातून दुसऱ्यात जाण्यासाठी ठरावीक माइल्स आकारले जातात.
२. अंतरावर आधारित तक्ता: उड्डाणाचे अंतर जितके जास्त, तितके माइल्स जास्त. थोड्या अंतराच्या प्रवासास ही पद्धत अनेकदा अनुकूल ठरते.
३. बदलते दर: मागणीनुसार माइल्सची संख्या वरखाली होते. डेल्टाने २०१५ मध्ये व युनायटेडने २०१९ मध्ये आपले जाहीर तक्ते मागे घेऊन ही पद्धत स्वीकारली.

जाहीर तक्ता असेल तर सदस्याला उद्दिष्ट ठरवून माइल्स साठवता येतात. तक्ता नसेल तर आज पुरेसे वाटणारे माइल्स पुढील वर्षी अपुरे पडू शकतात.

आरक्षणाची रीत

आरक्षण साधारणपणे पुढील क्रमाने होते. प्रथम इच्छित मार्गावर कोणकोणत्या कंपन्या जातात आणि त्या कोणत्या संघात आहेत हे पाहिले जाते. नंतर ज्या योजनेत माइल्स आहेत, तिच्या संकेतस्थळावर किंवा दूरध्वनी केंद्रात सहयोगी कंपनीची जागा शोधली जाते. प्रवासाच्या सुमारे ३३० ते ३६० दिवस आधी बहुतेक कंपन्यांचे आरक्षण खुले होते. अवॉर्डच्या जागा त्या सुमारास आणि पुन्हा प्रवासाच्या शेवटच्या काही आठवड्यांत दिसण्याची शक्यता अधिक असते. उन्हाळी सुट्टी, गणेशोत्सव, दिवाळी आणि नाताळ या काळात त्या विरळ असतात.

जागा निश्चित होण्याआधी क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान योजनेत वळवणे जोखमीचे असते. असे रूपांतर सामान्यतः एकतर्फी असते. माइल्स झालेले पॉइंट पुन्हा कार्डावर परत येत नाहीत. रूपांतरास काही वेळा अनेक दिवस लागतात आणि तोवर जागा दुसऱ्याने घेतलेली असू शकते.

तिकिटावरील नाव पारपत्रावरील नावाशी तंतोतंत जुळावे लागते. तिकिटात बदल करायचा असल्यास माइल्स वजा करणाऱ्या कंपनीशी संपर्क साधावा लागतो. प्रवासाच्या दिवशी सामान, आसन आणि विलंब यांविषयीची जबाबदारी उड्डाण चालवणाऱ्या कंपनीची असते. उड्डाण चालवणाऱ्या कंपनीचा स्वतंत्र आरक्षण क्रमांक मागून घेतल्यास आरक्षण तिच्या नोंदीत आहे याची खात्री करता येते.

मूल्याचे गणित

अवॉर्ड तिकीट घ्यावे की रोखीचे, हे एका साध्या भागाकाराने ठरवता येते. रोखीच्या भाड्यातून अवॉर्ड तिकिटावर भरावा लागणारा कर व अधिभार वजा करावा आणि उरलेल्या रकमेस माइल्सच्या संख्येने भागावे. समजा, एका प्रवासाचे भाडे ६०,००० रुपये आहे आणि त्याच प्रवासासाठी ४०,००० माइल्स व १२,००० रुपये लागतात. तर ४८,००० भागिले ४०,००० म्हणजे प्रत्येक माइलचे मूल्य १ रुपया २० पैसे झाले. अधिभार वाढून रोख रक्कम ३०,००० रुपये झाली, तर तेच मूल्य ७५ पैशांवर येते. माइल मिळवण्यासाठी जितका खर्च झाला, त्यापेक्षा हे मूल्य कमी असेल तर रोखीचे तिकीट घेणे श्रेयस्कर ठरते.

रायगड किनाऱ्यावरील प्रवासी

अलिबाग, मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन या रायगड जिल्ह्याच्या किनारी तालुक्यांचा परदेश प्रवासाशी जुना संबंध आहे. या भागातील अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत नोकरी करतात. व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या खलाशांची व अधिकाऱ्यांचीही येथे परंपरा आहे. नौकाप्रशिक्षण देणारी टी. एस. रहमान ही संस्था याच जिल्ह्यात न्हावा येथे आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे किनाऱ्याला लागले. या समाजातील बहुसंख्य लोक १९४८ नंतर इस्रायलमध्ये स्थायिक झाले.

या तिन्ही गटांतील प्रवाशांचे माइल्स वेगवेगळ्या योजनांत विखुरले जाण्याचा संभव मोठा असतो, कारण त्यांच्या नित्याच्या कंपन्या वेगवेगळ्या संघांत आहेत. दोह्याची कतार एअरवेज ३० ऑक्टोबर २०१३ पासून आणि मस्कतची ओमान एअर २०२५ पासून वनवर्ल्डमध्ये आहे. जेद्दा व रियाधला जाणारी सौदिया २०१२ पासून स्कायटीममध्ये आहे. दुबईची एमिरेट्स आणि अबुधाबीची एतिहाद कोणत्याही संघात नाहीत. त्यांचे सहकार्य द्विपक्षीय करारांवर चालते. परिणामी एकाच घरातील एका भावाचे दोह्याच्या प्रवासाचे माइल्स आणि दुसऱ्याचे जेद्दाच्या प्रवासाचे माइल्स एकत्र करून तिकीट काढता येत नाही. मात्र कतार एअरवेज व ब्रिटिश एअरवेज या दोन्ही योजना 'एव्हिऑस' हे समान एकक वापरत असल्याने त्यांच्यात माइल्स हलवता येतात.

नोकरीच्या ठिकाणी नेणाऱ्या तिकिटाचे पैसे मालक किंवा जहाज कंपनी भरत असली तरी माइल्स सामान्यतः प्रवाशाच्या नावे जमा होतात. त्यासाठी सदस्य क्रमांक आरक्षणात नोंदवावा लागतो. सवलतीच्या काही भाडेवर्गांवर माइल्स मिळत नाहीत. प्रवास झाल्यावरही काही काळ बोर्डिंग पास व तिकीट क्रमांकाच्या आधारे माइल्सची मागणी करता येते; म्हणून माइल्स जमा होईपर्यंत ही कागदपत्रे जपून ठेवणे हिताचे असते.

इस्रायलचा मार्ग संघरचनेचे महत्त्व दाखवतो. एल अल ही इस्रायली कंपनी तिन्ही संघांच्या बाहेर आहे. एअर इंडियाने २२ मार्च २०१८ रोजी दिल्ली–तेल अवीव सेवा सुरू केली, तेव्हा स्टार अलायन्समधील अन्य कंपन्यांच्या माइल्सवरही या मार्गाचा विचार करणे शक्य झाले. ऑक्टोबर २०२३ नंतर युद्धपरिस्थितीमुळे ही सेवा वेळोवेळी स्थगित ठेवावी लागली.

रायगड जिल्ह्यातच उलवे परिसरात उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून व्यावसायिक उड्डाणे सुरू झाली. प्रारंभीची उड्डाणे देशांतर्गत होती. मुंबई महानगरात दोन विमानतळ झाल्याने एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून परदेशी विमान पकडण्याचा प्रसंग येऊ शकतो. दोन तिकिटे वेगळी असल्यास पहिल्या विमानाच्या विलंबाची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. अवॉर्ड तिकिटाचा प्रवासी वेळेत न पोहोचल्यास योजनेच्या नियमांनुसार त्याचे माइल्सही बुडू शकतात.

जोखीम आणि सदस्यांचे हक्क

माइल्सच्या जोखमीचे ठळक भारतीय उदाहरण जेट एअरवेजचे आहे. ५ मे १९९३ रोजी उड्डाणे सुरू केलेल्या या कंपनीची सेवा १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची 'जेटप्रिव्हिलेज' योजना एका स्वतंत्र कंपनीकडे होती आणि त्या कंपनीत एतिहादचा ५०.१ टक्के हिस्सा होता. त्यामुळे सदस्यांच्या खात्यांवरील शिल्लक टिकली व योजनेचे नाव पुढे 'इंटरमाइल्स' झाले. परंतु ज्या विमानांसाठी सदस्यांनी माइल्स साठवले होते, ती विमानेच राहिली नाहीत. याउलट, १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा 'क्लब विस्तारा'चे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वळवण्यात आले. ही योजना पूर्वी 'फ्लाइंग रिटर्न्स' या नावाने ओळखली जाई. तिचे नाव आता 'महाराजा क्लब' आहे.

कंपनीच्या हिशेबात न वापरलेले माइल्स हे देणे मानले जाते. असे असले तरी सदस्याचा माइल्सवर मालकी हक्क असतो, असे बहुतेक योजनांचे नियम मान्य करत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये 'नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग' या खटल्यात योजनेतून काढून टाकलेल्या सदस्याचा सद्भावनेच्या गर्भित कर्तव्यावर आधारलेला दावा १९७८ च्या विमान विनियमन-मुक्ती कायद्यामुळे टिकत नाही, असा निर्णय दिला. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम मात्र अवॉर्ड तिकिटांनाही लागू आहे. संघातील विमानतळावरून निघणारे उड्डाण रद्द झाल्यास किंवा त्यास मोठा विलंब झाल्यास माइल्सवर प्रवास करणाराही नियमातील अटींनुसार भरपाई मागू शकतो.

माइल्सची मुदत दोन प्रकारची असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या 'क्रिसफ्लायर' योजनेत माइल्स मिळाल्यापासून साधारण तीन वर्षांनी ते रद्द होतात. एव्हिऑससारख्या योजनांत खात्यावर ठरावीक काळात एखादा व्यवहार झाल्यास मुदत पुढे सरकते. माइल्स रोखीने विकणे किंवा दलालाकडून त्यावरील तिकीट घेणे योजनांच्या नियमांविरुद्ध असते. असे आढळल्यास तिकीट रद्द होते व खातेही बंद होऊ शकते. तिकीट विकत घेणाऱ्या प्रवाशाला हे कधी कधी विमानतळावर पोहोचल्यावरच कळते.

या कारणांमुळे माइल्स हे दीर्घकालीन बचतीचे साधन मानले जात नाही. ठेवीवर व्याज मिळते; साठवलेल्या माइल्सचे मोल मात्र दर वाढले की घटते. निश्चित प्रवास ठरवून त्यापुरते माइल्स एका योजनेत जमवणे आणि ते वेळेत वापरणे, हाच या व्यवस्थेचा लाभ घेण्याचा तुलनेने सुरक्षित मार्ग आहे.

हेही पहा

एअर इंडिया
स्टार अलायन्स
जेट एअरवेज
नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ
बेने इस्रायल