कुऱ्हाड आणि व्हायोलेट

रानातल्या फुलाला माणसाचा हात न लागेल तेवढे बरे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इंग्लंडच्या रानांतील एका व्हायोलेटची हकीकत निराळी आहे. शास्त्रज्ञ त्याला 'व्हायोला रिव्हिनियाना' म्हणतात. हकिमाच्या काढ्यातील बनफशा याच कुळातला. पण या फुलाला वास नाही, म्हणून तिकडे त्याचे नाव पडले 'कुत्र्याचे व्हायोलेट'! उपयोगावरून प्रतिष्ठा ठरविण्याची ही रीत आम्हां कामगारांच्या परिचयाची आहे.

एप्रिल-मे महिन्यांत, वरची पालवी दाट होण्यापूर्वी, या वीतभर रोपाला निळसर जांभळी फुले येतात. पुढे उन्हाळ्यात ते न उमलणाऱ्या कळ्या धरते व त्या आपल्याच परागांनी फळतात. बोंड तीन भागांत उकलते आणि वाळता वाळता आवळून बी दूर उडवते. बीला स्निग्ध पदार्थाची लहानशी गाठ असते. तिच्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात, गाठ खातात व बी टाकून देतात. बियांची वाहतूक झाली आणि मजुरीही चुकती झाली!

तथापि सावली कायमची दाटली की हे रोप खुरटते. येथे लाकूडतोड्याचा संबंध येतो. तो हेझेलची झाडे बुडाशी तोडी, कुंपणाचे कूड विणी, सरपण विकी. खोडाला पुन्हा फुटवे येत व काही वर्षांनी तोडीची पाळी परत येई. दरवर्षी रानाचा वेगळा तुकडा उजेडात येई आणि तेथे व्हायोलेट माजे. त्याच्या पानांवर 'पर्ल-बॉर्डर्ड फ्रिटिलरी' या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या पोसत. ते तोडीमागून तोडीत जाई, म्हणून लोक त्याला 'लाकूडतोड्याचा सोबती' म्हणत.

पुढे घरोघर कोळसा आला, कुंपणाला तार आली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा बहुतेक बसला. कारागीर गेला, रान अंधारले, व्हायोलेट विरळ झाले आणि फुलपाखरू अनेक परगण्यांतून नाहीसे झाले. आता निसर्गरक्षक संस्था काही रानांत मुद्दाम तीच तोड करवीत आहेत.

म्हणून कोठेही कुऱ्हाड चालवावी, असे आमचे म्हणणे नाही. ती तोड पाळीची होती, मूळ राखणारी होती. सांगायचे ते एवढेच, की रान राखण्याचा विचार करताना तेथे राबणाऱ्या हातांचा हिशेब आधी मांडावा. ते हात कोणाकोणाला जगवीत होते, हे पुष्कळदा ते गेल्यावरच कळते.