क्षयाची नवी लस

तुमच्या डाव्या दंडावर लहानसा वण आहे का? तो बी.सी.जी. लशीचा. आमच्या गल्लीतल्या शिंप्यालाही होता. तरी चाळिशीत त्याला क्षय झाला. "मास्तर, मी टोचून घेतलं होतं की!" तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं.

ही लस फ्रान्समधली. कालमेत आणि गेरँ यांनी गाईच्या क्षयाचे जंतू बटाट्याच्या फोडींवर वाढवले. फोड बदलायची, पुन्हा वाढवायचे. असं १३ वर्षं, २३० वेळा! काय ही चिकाटी! जंतू दुबळा झाला. १९२१ साली लस पहिल्या बाळाला दिली. लहान मुलांना ती मेंदूच्या क्षयापासून वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाला मात्र नीट अडवत नाही. आणि खोकल्यातून रोग पसरतो तो मोठ्यांकडूनच.

म्हणून आता दुसरी वाट शोधतात. जंतूच्या अंगात प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. तिचा छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी असे तुकडे पाहूनच शत्रू ओळखतात. मग अख्खा जंतू कशाला? तुकडेच टोचावेत. तुकड्याने क्षय होत नाही.

पण नुसत्या तुकड्याकडे शरीर फारसं लक्ष देत नाही, बरं का. शरीराला जागं करणारं औषध त्यात मिसळावं लागतं. शिवाय तुमचं शरीर जो तुकडा ओळखेल तो माझं ओळखेलच असं नाही. म्हणून अनेक तुकडे घ्यावे लागतात.

अख्खा जंतू न घेता, त्याची दोन प्रथिनं जोडून 'एम७२' नावाची लस केली आहे. आफ्रिकेतल्या तीन देशांत ती मोठ्या माणसांना दिली. जंतू त्यांच्या अंगात होता, आजार नव्हता. तीन वर्षांत फुप्फुसाचा क्षय जवळजवळ निम्म्याने कमी झाला, असं २०१९ साली जाहीर झालं. २०२४ साली तिची आणखी मोठी चाचणी दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली.